एका अक्षराचा पाठभेद : पी-५३ या जनुकाच्या वाचनाचा इतिहास

पाठचिकित्सेचा भाग शिकवायला घेतला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. हस्तलिखितात एखादे अक्षर बदलले, एखादा काना गळला, एखादी मात्रा जास्त पडली, तर एवढे काय बिघडते? अर्थ तर लागतोच. या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आपल्यापाशी तयार असते. ज्ञानेश्वरीच्या नकला होत होत सुमारे तीनशे वर्षांत पाठ बिघडत गेला, म्हणून पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, अनेक पाठ ताडून प्रत शुद्ध केली, आणि पुढे कोणी तीत आपली भर घालू नये अशी ताकीदही दिली. विद्यार्थी हे उत्तर वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. पण त्यांचे समाधान झालेले नसते. अशुद्ध पाठ वाचल्यामुळे कोणाचे प्रत्यक्ष काही नुकसान झाले, असे त्यांना दिसत नाही.

मला या प्रश्नाचे अधिक समाधानकारक उत्तर साहित्याच्या बाहेर, कर्करोगाच्या संशोधनाच्या इतिहासात सापडले. १९७९ मध्ये सापडलेले एक जनुक पुढची दहा वर्षे जगातल्या नामांकित प्रयोगशाळांनी चुकीचे वाचले. त्यात कोणाची लबाडी नव्हती, आळस नव्हता, बुद्धीची उणीव तर नव्हतीच. ज्या प्रतीवरून ते वाचत होते ती प्रतच भ्रष्ट होती, आणि त्या भ्रष्ट प्रतीतून निघणारा अर्थ त्या काळाच्या अपेक्षेला अगदी साजेसा होता. पुढे ही चूक दुरुस्त झाली ती मोठ्या प्रमाणात प्रत प्रतीशी ताडून पाहण्याच्या त्या जुन्या, कंटाळवाण्या पद्धतीनेच. म्हणून हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावा असे वाटते.

प्रारंभी एक खुलासा केला पाहिजे. जनुकाला ‘मजकूर’ म्हणणे ही मी केलेली उपमा नाही. जीवशास्त्रज्ञांनीच आपल्या व्यवसायातले शब्द उचलले आहेत. डीएनएवरून आरएनए तयार होतो त्याला ते प्रतिलेखन म्हणतात. आरएनएवरून प्रथिन बनते त्याला भाषांतर म्हणतात. जनुकात हेतुपुरस्सर बदल करण्याला संपादन आणि डीएनएच्या तुकड्यांच्या संग्रहाला ग्रंथालय म्हणतात. या मजकुराची लिपी चार अक्षरांची. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. अशी अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफली की प्रथिन तयार होते. एक अक्षर बदलले तर कधी काहीच बिघडत नाही. कधी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरेच येते, आणि प्रथिनाची घडीच बिघडते. आपली कथा या दुसऱ्या प्रकारातली आहे.

तिचा आरंभ एका माकडाच्या विषाणूपासून होतो. १९५०च्या दशकात पोलिओची लस रीसस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर तयार केली जात असे, आणि ही माकडे मोठ्या संख्येने भारतातून निर्यात होत. १९६० मध्ये या पेशींत एक अनोळखी विषाणू आढळला. त्याला एसव्ही-४० असे नाव पडले. हा विषाणू प्रयोगशाळेतल्या काही प्राण्यांत अर्बुदे निर्माण करतो असे दिसल्यावर साहजिकच खळबळ उडाली. पण संशोधकांच्या हाती त्यामुळे एक साधनही आले. इतक्या छोट्या विषाणूत मोजकीच जनुके असतात. तेव्हा निरोगी पेशीला अर्बुदाच्या वाटेला तो कसा लावतो हे शोधणे शक्य कोटीतले होते. त्याच्या ‘टी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रथिनावर सर्वांचे लक्ष केंद्रित झाले.

१९७९ मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड यांना, तसेच अमेरिकेत प्रिन्स्टनला डॅनियल लिंझर आणि आर्नल्ड लेव्हिन यांना, ‘टी’ प्रथिन बाहेर काढताना त्याला चिकटून आलेले आणखी एक प्रथिन दिसले. ते विषाणूचे नव्हते, पेशीचेच होते. फ्रान्समध्ये पिएर मे यांच्या गटालाही ते आढळले. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांचा गट अगदी वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचला: रसायनांनी अर्बुदे झालेल्या उंदरांच्या बाबतीत त्यांना याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. चार ठिकाणी, एकमेकांशी ठरवून न घेता, एकाच वर्षी एकच प्रथिन पुढे आले होते.

त्याला नाव मिळाले ते वजनावरून. प्रथिनांचे मिश्रण एका जेलमधून विजेच्या प्रवाहाने सरकवले की लहान प्रथिने पुढे पळतात, मोठी मागे राहतात. त्या शर्यतीत हे प्रथिन जिथे थांबले त्यावरून त्याचे वजन सुमारे ५३ हजार डाल्टन ठरवण्यात आले, आणि ‘प्रोटीन’मधला ‘पी’ घेऊन पी-५३ हे नाव रूढ झाले. पुढे त्याची संपूर्ण रचना कळली तेव्हा माणसातल्या या प्रथिनात ३९३ अमिनो आम्ले असून त्याचे खरे वजन सुमारे ४४ हजार भरते असे निष्पन्न झाले. त्यातल्या एका भागात प्रोलिन या अमिनो आम्लाचे प्रमाण अधिक असल्याने ते जेलमधून रेंगाळत सरकते, आणि आहे त्यापेक्षा जड भासते. अर्थात नाव तेच राहिले. पहिल्या वाचनातली चूक या प्रथिनाच्या नावातच कायमची नोंदली गेली आहे.

नावातल्या या चुकीने कोणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते त्याच्या स्वभावाविषयी जो निष्कर्ष काढला गेला त्यामुळे. येथे त्या काळाचे वातावरण ध्यानात घेतले पाहिजे. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने दाखवले होते की कोंबड्यांत कर्करोग निर्माण करणाऱ्या विषाणूचे घातक जनुक मुळात प्राण्याच्या निरोगी पेशीतूनच उचललेले आहे. कर्करोगाचे बीज आपल्याच पेशीत असते, हा विचार विलक्षण होता, आणि पुढे १९८९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. १९८०च्या दशकाच्या आरंभी पेशींना बेफाम वाढवणारी ही ऑन्कोजीन म्हणजे कर्कजनक जनुके एकामागून एक सापडत होती. अशा वेळी अर्बुदांच्या पेशींत मुबलक आढळणारे, कर्कजनक विषाणूच्या प्रथिनाला चिकटून बसलेले पी-५३ कोणत्या रांगेत बसणार, हे जणू आधीच ठरले होते. वाचक कृतीकडे कोऱ्या मनाने जात नाही, पूर्वीच्या वाचनातून घडलेले अपेक्षांचे क्षितिज बरोबर घेऊन जातो, असे हान्स रॉबर्ट याऊस यांनी साहित्याच्या संदर्भात म्हटले आहे. प्रयोगशाळेतला वाचकही याला अपवाद नसतो.

१९८४ मध्ये या अपेक्षेवर शिक्कामोर्तब झाले. इस्राएलमधल्या मोशे ओरेन यांच्या गटाने, तसेच रॉबर्ट वाइनबर्ग, व्हार्दा रॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उंदराच्या गर्भातल्या पेशींत ‘रास’ हे ओळखीचे कर्कजनक जनुक आणि त्याच्या जोडीला पी-५३चे जनुक घातले. एकट्या ‘रास’ने जे होत नव्हते ते जोडीने झाले, पेशी अर्बुदाच्या वळणाने वाढू लागल्या. त्याच वर्षी जॉन जेनकिन्स यांच्या गटाने पी-५३मुळे पेशींना न संपणारे आयुष्य लाभते असे दाखवले. तिन्ही निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. तीन स्वतंत्र साक्षी आणि तिन्ही जुळणाऱ्या! निकाल लागल्यासारखाच होता: पी-५३ हे कर्कजनक जनुक आहे.

परंतु या निकालाशी न जुळणारे पुरावेही याच काळात पुढे येत होते. १९८५ मध्ये रॉटर यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की एचएल-६० या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशीवंशात पी-५३चे जनुक जवळजवळ नाहीसे झालेले आहे. त्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांना विषाणूमुळे रक्तकर्करोग झालेल्या उंदरांच्या पेशींत हे जनुक मोडतोड होऊन निकामी झालेले आढळले. हे जनुक कर्करोग घडवणारे असेल, तर ते नसतानाही कर्करोग का व्हावा? प्रश्न सरळ होता. पण रूढ वाचनाच्या विरुद्ध जाणारा पाठ संपादक जसा तळटीपेत टाकतो, तसे या पुराव्यांचे झाले. ते नाकारले गेले नाहीत. अपवाद म्हणून बाजूला ठेवले गेले.

वेगळ्या वाचनाची सामग्री उपलब्ध नव्हती असेही नाही. ऑक्सफर्डला हेन्री हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच कर्कपेशी आणि निरोगी पेशी यांचा संयोग घडवून आणला होता, आणि संयुक्त पेशीचा घातकपणा दबला जातो असे दाखवले होते. याचा अर्थ निरोगी पेशीत रोगाला आवर घालणारे काहीतरी असले पाहिजे. १९७१ मध्ये आल्फ्रेड नड्सन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, आई आणि वडील यांच्याकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे हा रोग होतो. १९८६ मध्ये ते जनुक हातीही लागले. म्हणजे पेशीला पळवणारी जनुके जशी असतात तशी तिला आवरणारीही असतात, ही दुसरी परंपरा उभी होती. फक्त पी-५३चे वाचन त्या परंपरेत करून पाहावे असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते.

कोंडी फुटली ती एका न जमणाऱ्या प्रयोगामुळे. लेव्हिन यांच्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतही पी-५३च्या जनुकाची एक प्रत होती. ‘रास’बरोबर ती पेशीत घातली तरी पेशी बदलत नसत. इतरांचे प्रयोग यशस्वी, आपलाच तेवढा फसतो, असे झाले की पहिला संशय आपल्याच हातावर येतो. येथे मात्र प्रती समोरासमोर ठेवून अक्षरशः ताडून पाहण्यात आल्या, आणि त्या एकसारख्या नाहीत हे उघड झाले. पेशी बदलणाऱ्या एका सुपरिचित प्रतीत १३५व्या स्थानी व्हॅलिन हे अमिनो आम्ल होते. पेशी न बदलणाऱ्या प्रतीत त्या ठिकाणी अ‍ॅलानिन होते. प्रयोग फसलेला नव्हताच. प्रिन्स्टनची प्रत शुद्ध होती, आणि ज्या प्रतींवर १९८४चा निकाल उभा होता त्या अशुद्ध होत्या! १९८८-८९च्या निबंधांतून फिलिप हाइंड्स, कॅथी फिन्ले, लेव्हिन आणि दुसरीकडे ओरेन यांच्या गटाने हे स्पष्ट केले की पी-५३ने कर्कजनक वागावे यासाठी त्यात आधी उत्परिवर्तन व्हावे लागते.

असे कसे झाले, हे मागे वळून पाहता सहज कळते. जनुकाच्या प्रती घ्यायच्या तर जिथे हे प्रथिन विपुल सापडते तिथून घ्याव्यात, हे स्वाभाविक होते, आणि ते विपुल सापडत होते अर्बुदांच्या आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या पेशींत. निरोगी पेशीत पी-५३ तयार होते आणि थोड्याच मिनिटांत नष्टही केले जाते. त्यामुळे ते दिसतच नाही. बिघडलेले पी-५३ मात्र नष्ट होत नाही, साचत जाते. म्हणजे जे डोळ्यांत भरत होते ते बव्हंशी बिघडलेलेच होते. एसव्ही-४०च्या बाबतीत तर गंमत आणखी वेगळी होती. तिथले पी-५३ बिघडलेले नव्हते. विषाणूच्या ‘टी’ प्रथिनाने त्याला जखडून टाकले होते, म्हणून ते ‘टी’बरोबर पुनःपुन्हा बाहेर येत होते. गुन्ह्याच्या जागी हातपाय बांधलेला माणूस सापडावा आणि त्यालाच आरोपी ठरवावे, तसे हे झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार दहा वर्षे चालला.

याच सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन यांचा गट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास करत होता. तीन चतुर्थांशांहून अधिक अर्बुदांत सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा एका प्रतीतून गळालेला असतो, असे त्यांना आढळले होते. जे गळाल्याने रोग होतो ते रोगाला आवरणारे असले पाहिजे, म्हणून त्या तुकड्यात कोणते रोधक जनुक आहे याचा शोध चालू होता. पी-५३चे जनुक नेमके त्याच भागात होते. पण ते तर कर्कजनक म्हणून प्रसिद्ध! तरीही सुझान बेकर या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते वाचून पाहिले. ज्या अर्बुदांत जनुकाची एक प्रत गळालेली होती त्यांत उरलेली दुसरी प्रत अक्षर अक्षर वाचली गेली. पहिल्या अर्बुदात १४३व्या स्थानी एक अक्षर बदललेले निघाले, दुसऱ्यात १७५व्या स्थानी. एक प्रत हरवलेली आणि दुसरीत चूक, हे नड्सन यांनी सांगितलेल्या दुहेरी आघाताचे चित्र होते. एप्रिल १९८९ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा निबंध आला. त्याच वर्षी फिन्ले, हाइंड्स आणि लेव्हिन यांनी ‘सेल’मध्ये दाखवून दिले की शुद्ध पी-५३ पेशीत घातले तर ती अर्बुदाकडे वळायची थांबते.

या शेवटच्या निबंधाचे शीर्षक साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे असे आहे. पी-५३ हे संभाव्य कर्कजनक जनुक पेशीच्या बदलाचे दमन करू शकते, अशा आशयाचे ते शीर्षक आहे. एकाच वाक्यात जुने नाव आणि त्या नावाला खोटे पाडणारा निष्कर्ष, दोन्ही नांदत आहेत. कल्पना बदलते, पण ती सांगायला भाषा जुनीच वापरावी लागते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्यानंतरची तीन-चार वर्षे पुनर्वाचनाची होती. प्रारणाने डीएनएला इजा झाली की निरोगी पी-५३ पेशीत साठू लागते आणि तिचे विभाजन थोपवते, म्हणजे दुरुस्तीला सवड मिळते. इजा भरून येण्यापलीकडची असेल तर ते पेशीला मरणाच्या मार्गाला लावते. ते स्वतः डीएनएला चार-चारच्या जुडीने चिकटते आणि इतर अनेक जनुकांचे वाचन सुरू करते. चारांतला एकही बिघडलेला असला तरी जुडीचे काम बिघडू शकते. म्हणून एक प्रत शाबूत असूनही घात होतो. १९९२ मध्ये लेन यांनी त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटले, आणि १९९३ मध्ये ‘सायन्स’ने वर्षातला सर्वांत महत्त्वाचा रेणू म्हणून त्याला मान दिला. आज असे दिसते की माणसाच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या जनुकाचा पाठ बिघडलेला असतो.

‘राखणदार’ हे रूपक नेमके आहे, पण तेही एक वाचनच आहे, हे विसरता कामा नये. काही बिघडलेली पी-५३ प्रथिने केवळ राखण सोडून देत नाहीत, ती नवे उपद्रवही करतात, असे पुरावे पुढे आले आहेत. याचा अर्थ १९८४चे प्रयोग खोटे नव्हते. अशुद्ध प्रत काय करते हे त्यांनी बरोबर सांगितले होते. ती अशुद्ध आहे एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

पाठचिकित्सेचा अभ्यासक अशुद्ध पाठ फेकून देत नाही. तो चुकीचा असला तरी पुरावा असतो: प्रत कोठे झाली, कोणाच्या हातून झाली, कोणत्या प्रदेशातून फिरली, हे त्यातूनच कळते. पी-५३च्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरले. १९९१ मध्ये चीनमधील छीतुंग आणि दक्षिण आफ्रिका या भागांतल्या यकृताच्या अर्बुदांत २४९व्या शब्दात पुनःपुन्हा तोच एक बदल आढळला. या प्रदेशांत शेंगदाणे, मका अशा धान्यांवर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष अन्नातून पोटात जात असे, आणि नेमका असा बदल घडवणे हा त्याचा गुण. त्याच वर्षी त्वचेच्या कर्करोगांत उन्हातल्या अतिनील किरणांची खूण सापडली: लागोपाठची दोन अक्षरे एकदम बदललेली. १९९६ मध्ये मिखाइल डेनिसेंको, गर्ड फायफर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तंबाखूच्या धुरातल्या बेंझोपायरीनपासून बनणारे द्रव्य या जनुकाच्या १५७, २४८ आणि २७३ या स्थानांवर जाऊन चिकटते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात तीच स्थाने वारंवार बदललेली दिसतात. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध त्याआधीच आकडेवारीने सिद्ध होता. आता हस्ताक्षरही सापडले. त्यावर शंका घेणारे निबंध पुढे प्रसिद्ध झाले. त्यांतल्या काहींच्या लेखकांचे तंबाखू उद्योगाशी संबंध होते, हे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका अभ्यासाने उघडकीस आणले. पाठभेदावरचा वाद केवळ विद्वत्तेचा नसतो. त्यात कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत हेही पाहावे लागते.

आणि कधी कधी पाठ शुद्ध असूनही उपयोग होत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात पी-५३च्या जनुकात बहुधा बदल आढळत नाही. १९९० मध्ये याचे कारण कळले. या रोगाला कारणीभूत असलेल्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे ‘ई-६’ हे प्रथिन पी-५३ला गाठते आणि पेशीच्याच यंत्रणेकडून त्याचा नाश घडवून आणते. ग्रंथ सुरक्षित आहे, पण त्याचे प्रत्येक पान लिहून होताच फाडले जात आहे, अशी ही अवस्था. येथे ही कथा आपल्या दाराशी येते. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या गटाला या विषाणूची चाचणी एकदा देऊ केली होती त्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू चाचणी न दिलेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. चाचणी न दिलेल्या गटाचे काय, हा नैतिक आक्षेपही पुढे घेतला गेला, आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. लंडन-प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळांत सुरू झालेले वाचन मराठवाड्यातल्या बायकांच्या जगण्यामरण्याला असे येऊन भिडते.

उरतो तो सर्वांत अवघड भाग. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी अशी काही कुटुंबे नोंदवली होती की ज्यांत लहान मुले आणि तरुण माणसे निरनिराळ्या कर्करोगांना पिढ्यानपिढ्या बळी पडत होती. अशा कुटुंबांतल्या व्यक्तींत पी-५३ची एक प्रत जन्मापासूनच सदोष असते, हे १९९० मध्ये निष्पन्न झाले. येथे चूक एखाद्या अवयवातल्या पेशीत नाही; ती मूळ प्रतीतच आहे, आणि शरीरातली प्रत्येक पेशी तीच चूक उतरवून घेते. अशा घरातल्या तरुण मुलीने आपली प्रत वाचून घ्यावी का? वाचली तर वारंवार तपासण्या करून रोग लवकर पकडता येण्याची शक्यता वाढते. पण जे वाचले ते पुन्हा न वाचल्यासारखे करता येत नाही. आणि तो मजकूर तिचा एकटीचा नसतो. तिच्या भावाबहिणींविषयी, पुढे होणाऱ्या मुलांविषयीही त्यात काही लिहिलेले असते.

शुद्ध प्रत मिळाली म्हणजे रोग बरा करता येतो, असे मात्र नाही. बिघडलेल्या पी-५३ला पुन्हा कामाला लावण्याचे प्रयत्न गेली तीस वर्षे चालू आहेत. २००३ मध्ये चीनने शुद्ध जनुक विषाणूमार्फत पेशीत पोचवणाऱ्या एका औषधाला मान्यताही दिली. पण त्यातून अपेक्षिलेली क्रांती झाली नाही. वाचणे आणि दुरुस्त करणे यांत मोठे अंतर आहे, हे एकनाथांच्या काळापासून प्रत्येक संपादकाला ठाऊक आहे. तरी दुरुस्तीची पहिली पायरी कोणती याविषयी शंका नाही. १९८९च्या आधी पी-५३ला थोपवणारे औषध शोधणे तर्काला धरून दिसले असते. शुद्ध प्रत हाती नसताना त्या वाटेने जाणे म्हणजे राखणदाराचेच हात बांधणे झाले असते.

‘एका अक्षराने काय बिघडते?’ हा प्रश्न आता वर्गात आला की मी १७५व्या स्थानाची गोष्ट सांगतो. तिथे एका अक्षराच्या जागी दुसरे आले की आर्जिनिनच्या ठिकाणी हिस्टिडिन बसते, प्रथिनाची घडी मोडते, आणि पेशीला थांबा म्हणणारे कोणी उरत नाही. मग दुसरी गोष्ट सांगतो ती अधिक महत्त्वाची वाटते. ती अशी, की जगातल्या उत्तम वाचकांनी तो भ्रष्ट पाठ दहा वर्षे प्रमाण मानला, कारण त्यातून जो अर्थ निघत होता तो त्यांना पटत होता. जो पाठ आपल्या मताशी चटकन जुळतो त्याची प्रत आधी तपासावी, एवढे त्यातून शिकता आले तरी पुष्कळ झाले.